शेजारची पडीक बिल्डिंग पाडताहेत, मग आपले हक्क काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षानुवर्षं बंद पडलेली बिल्डिंग किंवा वाडा एकदाचा पाडायला घेतला की शेजारी आधी सुटकेचा श्वास सोडतात आणि चारच दिवसांत भिंतीला तडे, घरभर धूळ, रात्री ब्रेकरचा आवाज असं सगळं सुरू होतं. मग प्रश्न येतात. खाली दिलेली उत्तरं महाराष्ट्रातल्या शहरांसाठी आहेत. प्रकरण कोर्टात न्यायचं असेल तर वकिलाला गाठाच, पण त्याच्या आधीचं बरंचसं काम आपलं आपल्याला करता येतं आणि ते वेळेत केलं तर पुढचं निम्मं भांडण होतच नाही.

बिल्डिंग पाडायला आमची परवानगी लागते का?

नाही. मालकाची जागा आहे, पाडायचा हक्क त्याचा आहे, आणि धोकादायक असेल तर ती पाडलेलीच बरी. पण परवानगी लागत नाही म्हणजे कशीही पाडता येते असं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ मध्ये 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच बांधकाम पाडणंही येतं, म्हणजे बांधायला जशी परवानगी लागते तशी पाडण्यालाही कागद लागतो. दुसरा रस्ता म्हणजे महापालिकेनेच धोकादायक म्हणून नोटीस काढलेली असते, मुंबईत मुंबई महानगरपालिका कायदा, १८८८ चं कलम ३५४ आणि बाकीच्या महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका कायदा, १९४९ चं कलम २६४. तर पहिला प्रश्न साइटवर जाऊन हाच विचारायचा, की तुमच्याकडे परवानगी आहे की नोटीस, आणि नंबर काय. शांतपणे विचारायचं. कागद असेल तर दाखवायला कोणाचं काही जात नाही, आणि टाळाटाळ झाली तर तोच नंबर वॉर्ड ऑफिसमध्ये जाऊन मागायचा.

आम्हाला आधी कळवायला नको का?

कळवायला हवं, शहाणा मालक कळवतोही, पण घरी नोटीस येईल म्हणून वाट बघत बसू नका. जाळी बांधायला लागले, दारं-खिडक्या-ग्रिल भंगारवाला घेऊन जायला लागला, लाइटचा मीटर काढला, की समजायचं आठवड्याभरात काम सुरू होणार. त्याच दिवशी मालकाला आणि ठेकेदाराला एक साधं पत्र द्या: काम कधी सुरू, किती दिवस, कोणत्या वेळेत, मशीन कोणतं, साइटवर जबाबदार माणूस कोण आणि त्याचा फोन नंबर. पत्राची एक प्रत वॉर्ड ऑफिसला, आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्यायचाच. पत्र घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

काम सुरू व्हायच्या आधी आम्ही नक्की काय करायचं?

हे उत्तर सगळ्यात लांब आहे कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. हक्क कायद्यात आहेत, पण नुकसान झाल्यावर समोरचा पहिलं वाक्य बोलतो ते म्हणजे "हे तडे आधीपासूनच होते", आणि आपल्याकडे आधीचा फोटो नसेल तर त्याला खोडून काढायला काहीच उरत नाही.

घराच्या प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, सावकाश, छतापासून फरशीपर्यंत, आणि बोलत बोलत काढा, म्हणजे ही हॉलची पूर्वेची भिंत, हा जुना तडा, इथे ओल आहे असं. जुने तडे लपवू नका, उलट नीट दाखवा, कारण जे आधीचं आहे ते प्रामाणिकपणे दाखवलं की नंतरचं नवीन आहे हे लोक मानतात. मग प्रत्येक जुन्या तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. तडा पुढे सरकला तर रेघेच्या बाहेर गेलेला स्पष्ट दिसतो. तडा रुंदावतोय का ते बघायचं तर तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवतात, भिंत जराही हलली की काच तडकते, इंजिनिअर लोक ही युक्ती फार पूर्वीपासून वापरतात. बाहेरून भिंती, गच्चीचा पॅरापेट, कंपाउंड वॉल, पाण्याची टाकी, ड्रेनेजचे चेंबर, जिन्याखालचा भाग हेही राहू देऊ नका. दारं-खिडक्या नीट लागतात का तेही व्हिडिओत दाखवा, कारण फ्रेम थोडी जरी वाकडी झाली तरी दार घासायला लागतं.

सोसायटी असेल तर सगळ्यांनी मिळून एक स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि त्याच्याकडून लेखी पूर्वपाहणी अहवाल घ्या, आणि शक्य झालं तर त्या पाहणीला समोरच्या मालकाचा माणूसही हजर ठेवा आणि त्याची सही घ्या. दोन्ही बाजूंची सही असलेला कागद नंतर कोणालाच नाकारता येत नाही. खर्च मालकाने करावा अशी मागणी जरूर करा, बरेच बिल्डर तयार होतात कारण उद्या खोटा क्लेम आला तर हाच अहवाल त्यांनाही वाचवतो. नाहीच झाले तयार तर आपण करा, त्यासाठी थांबू नका.

तडा गेला, कोणता तडा घाबरण्यासारखा?

प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक रेघा हादऱ्याने येतात, त्या बहुतेक वेळा वरवरच्या असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरका वर जाणारा, विटांच्या जोडातून पायऱ्यांसारखा चढणारा, किंवा भिंतीच्या आतून आणि बाहेरून दोन्हीकडे दिसणारा तडा मात्र गंभीर धरा. कॉलम किंवा बीमवर तडा, फरशी एका बाजूला बसणं, अचानक दार न लागणं, छतातून सिमेंटचे तुकडे पडणं यातलं काहीही दिसलं तर आधी माणसं बाहेर काढा, मग ११२ ला फोन, मग फायर ब्रिगेड आणि वॉर्ड ऑफिस. फोटो बाहेर आल्यावर काढा.

आमची आणि त्यांची भिंत एकच आहे, मग?

जुन्या पेठांमध्ये, चाळींमध्ये हे सर्रास असतं. सामाईक भिंतीवर दोघांचाही हक्क असतो, त्यामुळे ती एकट्याच्या मर्जीने पाडता येत नाही किंवा कमकुवत करता येत नाही. अशा ठिकाणी मशीन भिंतीपर्यंत आणायचंच नाही, शेवटचा पट्टा हाताने, छिन्नी-हातोड्याने सोडवायचा. त्यांचे वासे किंवा गर्डर आपल्या भिंतीत घुसलेले असतील तर ते ओढून काढायचे नाहीत, कापून सोडवायचे आणि भोकं बुजवायची. आणि एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. आजवर ती भिंत आतली होती, म्हणजे तिच्यावर पाऊस कधी पडलाच नाही. बाजूचं घर गेलं की ती उघडी पडते, कच्च्या विटांची किंवा मातीची असेल तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी पिते आणि आपल्या बेडरूममध्ये ओल येते. त्यामुळे पाडल्यावर त्या बाजूला वॉटरप्रूफ प्लास्टर आणि गरज असेल तर टेकू मालकाच्या खर्चाने द्यायचे, हे आधीच लेखी ठरवून घ्या, काम संपल्यावर ठेकेदार सापडत नाही.

शेजारच्या इमारतीच्या आधाराबद्दल भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ आहे. जमिनीला बाजूच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळणं हा हक्क असतोच, आणि आपल्या इमारतीला २० वर्षं बिनविरोध, सलग, उघडपणे तसा आधार मिळत असेल तर तोही हक्क होऊ शकतो.

पाडायची पद्धत चुकतेय हे आम्हाला कसं कळणार?

बघून कळतं, इंजिनिअर असायची गरज नाही. भारतीय मानक ब्युरोचं आयएस ४१३० हे इमारती पाडण्याच्या सुरक्षिततेसाठीचंच मानक आहे, त्याचा गाभा साधा आहे: वरून खाली, एकेक मजला, ज्या क्रमाने बांधलं त्याच्या उलट्या क्रमाने. लाइट, गॅस, पाणी आधी तोडायचं. त्यामुळे खालचे मजले आधी पोखरायला घेतले असतील, किंवा पोकलेनने खालून भिंत ढकलून सगळं एकदम आडवं करायचा बेत दिसत असेल, तर लगेच आक्षेप घ्या. दुसरी चूक म्हणजे तोडलेला माल वरच्याच स्लॅबवर साठवत राहणं, आधीच खिळखिळा झालेला स्लॅब तेवढ्या वजनाने खाली येतो आणि खालच्यालाही घेऊन जातो. तिसरी, एकटी उंच भिंत बाकीचा आधार काढून रात्रभर तशीच उभी सोडून जाणं. चौथी, मजले उतरताहेत पण आपल्या बाजूला ना पत्रे ना पकडजाळी, फक्त हिरवं कापड. हिरवं कापड धुळीसाठी असतं, वीट त्यातून सरळ आरपार येते.

कलम ३५४ आणि २६४ दोन्हींमध्ये आयुक्तांना आधी कुंपण किंवा आडोसा उभारायला लावण्याचा अधिकार आहे, आणि त्या कलमांत फक्त आत राहणाऱ्यांचाच नाही तर आजूबाजूच्या इमारतींमधल्या लोकांच्या धोक्याचाही विचार आहे. तक्रारीत या कलमांचं नाव घेऊन लिहा.

धुळीने घरात राहणं अशक्य झालंय.

पाडताना सतत पाणी मारणं आणि पाडकाम झाकणं ही मेहेरबानी नाही, नियम आहे. केंद्राने २०१८ मध्ये पर्यावरण नियमांत बदल करून बांधकाम आणि पाडकामाच्या धुळीबद्दल बंधनं घातली, त्यात उघड्यावर दगड-फरशी कापणं-घासणं, रस्त्याच्या कडेला माल आणि राडारोडा साठवणं, आणि न झाकता ट्रक नेणं या गोष्टींना मनाई आहे. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात पाडायची इमारत वरपासून खालपर्यंत ताडपत्री, हिरवं कापड किंवा ज्यूटने झाकायची, पाडताना सतत पाणी मारायचं आणि एक एकरपेक्षा लहान प्लॉटलाही किमान २५ फुटांचे पत्रे लावायचे असं आहे. घरात दमेकरी, लहान बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर तक्रारीत तसं स्पष्ट लिहा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, त्याने फरक पडतो.

छपराचे सिमेंटचे पत्रे फोडताहेत, त्यात काही धोका?

आहे, आणि याकडे कोणीच लक्ष देत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. जुने नालीदार सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. अखंड असताना ते फारसं काही करत नाहीत, पण फोडले की डोळ्याला न दिसणारे तंतू हवेत जातात, ते फुफ्फुसात अडकतात आणि त्यातून होणारे आजार, कॅन्सरसुद्धा, अनेक वर्षांनी दिसतात. पत्रे ओले करून, बोल्ट सोडवून, अखंड खाली उतरवायचे, वरून फेकायचे नाहीत, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून न्यायचे. हे होईपर्यंत खिडक्या बंद ठेवा, आणि घरात आलेली धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि ते पत्रे उतरवणाऱ्या पोरांकडे मास्क नसतो, त्यांच्यासाठीही बोला.

काम किती वाजेपर्यंत चालू शकतं?

ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत रहिवासी भागात आणि शांतता क्षेत्रात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं वापरता येत नाहीत. दिवसाची मर्यादा रहिवासी भागात ५५ डेसिबल आणि रात्री ४५. ब्रेकर चालू असताना दिवसाची मर्यादा कुठल्या कुठे जाते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे व्यवहारात वेळ ठरवून घेणं जास्त कामाला येतं: दुपारी दोन तास बंद, परीक्षेच्या दिवसांत ब्रेकर नाही, असं. पण रात्री दहानंतर पोकलेन सुरू झालं तर तिथे तडजोड नाही, सरळ ११२. मोबाइलमधलं आवाज मोजायचं ॲप पुरावा म्हणून कच्चं असतं, तरी वेळ दिसणारा व्हिडिओ काढाच.

डेब्रिज गेटसमोर आणि गटारात टाकलंय.

लगेच वॉर्डच्या घनकचरा विभागाला कळवा, पावसाळ्याआधी असेल तर वाट बघूच नका, गटार तुंबलं की पाणी आपल्याच जिन्यात येणार. बांधकाम व पाडकाम कचरा नियम २०१६ मध्येच राडारोडा आपल्याच जागेत ठेवायचा, रस्ता किंवा गटार अडवायचं नाही, आणि दिवसाला २० टन किंवा एका प्रोजेक्टला महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त निघणार असेल तर सुरुवातीच्या आधी विल्हेवाटीचा प्लॅन मंजूर करून घ्यायचा असं आलं होतं. त्यांच्या जागी २०२५ मध्ये काढलेले नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून आहेत, त्यामुळे तक्रारीत कोणत्या तारखेचा प्रकार आहे ते नीट लिहा. ट्रकचा नंबर दिसेल असा एक फोटो दहा पानी अर्जापेक्षा जास्त काम करतो.

काम थांबवता येतं का?

येतं, पण "आम्हाला त्रास होतो" एवढ्यावर नाही. थोडाफार आवाज, धूळ, अडचण कोर्टही सहन करायला सांगतं. धोका दाखवता आला पाहिजे. रस्ते साधारण तीन आहेत. महापालिकेचा इंजिनिअर साइटवर येऊन सुरक्षिततेच्या उपायांशिवाय काम करू नका असं लेखी देऊ शकतो, आणि अनुभव असा आहे की हा सगळ्यात जलद रस्ता आहे. दुसरा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३, त्यात कार्यकारी दंडाधिकारी धोकादायक इमारतीबद्दल सशर्त आदेश काढू शकतात. तिसरा, दिवाणी कोर्टात मनाई हुकूम, ज्याला सगळे स्टे म्हणतात. तिथे कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करायची विनंती पहिल्याच दिवशी करा, कारण रोज साइट बदलत असते आणि आठवड्याने पुरावाच ढिगाऱ्यात गेलेला असतो.

मात्र बिल्डिंग खरंच पडायला आलेली असेल तर सरसकट स्टे मागू नका. अर्धी पाडलेली इमारत थांबवून ठेवणं हे पूर्ण पाडण्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं, आणि ती पडली तर आपल्याच अंगावर. मागणी अशी हवी की काम योग्य पद्धतीने, देखरेखीखाली करा.

पोलीस म्हणतात ही सिव्हिल मॅटर आहे.

नुकसानभरपाईचा भाग सिव्हिल आहे, पण धोक्याचा भाग नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९० नेमकं यासाठीच आहे: इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना ती किंवा तिचा भाग पडून माणसाच्या जीवाला धोका होऊ नये म्हणून घ्यायची काळजी घेतली नाही तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलमाचा नंबर अर्जात लिहून न्या, आणि अर्जाची पोच घ्या.

नुकसान झालं, भरपाई कोण देणार आणि कधीपर्यंत मागायची?

मालक आणि ठेकेदार दोघांनाही नोटीस द्या, कारण मालक म्हणणार ठेकेदाराला विचारा आणि ठेकेदार म्हणणार मला सांगितलं तसं केलं, आणि आपण मधल्या मध्ये फिरत राहणार. पाडकाम महापालिकेने स्वतः केलं असेल तर तिलाही. नोटिशीबरोबर आधीचे-नंतरचे फोटो, इंजिनिअरचा अहवाल आणि दुरुस्तीचं लेखी एस्टिमेट जोडा. भरपाईत तडे बुजवणं एवढंच धरू नका, घर सोडून राहावं लागलं तर ते भाडं, खराब झालेलं सामान, दवाखान्याची बिलं, इंजिनिअरची फी हे सगळं मागता येतं.

ठेकेदाराकडे कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी, म्हणजे कामाचा विमा, आहे का हे काम सुरू व्हायच्या आधी विचारा आणि त्यात थर्ड पार्टी कव्हर, म्हणजे शेजाऱ्यांसारख्या बाहेरच्यांच्या नुकसानाची भरपाई, आहे का बघा. इथे एक मेख आहे, हादऱ्यामुळे किंवा आधार काढल्यामुळे शेजारच्या इमारतीचं झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा येत नाही, त्यासाठी जादाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. नेमकं तेच आपल्याला हवं असतं.

मुदतीचं सांभाळा. खासगी मालकाविरुद्ध दाव्याला साधारण ३ वर्षं मिळतात. महापालिकेविरुद्ध मात्र आधी १ महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि ६ महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो, मुंबईत १८८८ च्या त्याच कायद्याचं कलम ५२७ आणि इतर महापालिकांत १९४९ च्या कायद्याचं कलम ४८७. "बघू, करतील ते" म्हणत सहा महिने कसे जातात कळत नाही.

मी भाडेकरू आहे, मला हक्क आहेत का?

आहेत. राहतं घर सुरक्षित असणं हा ताब्याचा विषय आहे, मालकीचाच नाही. तक्रार, माहिती अधिकार, पोलीस, मनाई हुकूम, सामानाची आणि औषधोपचाराची भरपाई हे सगळं भाडेकरूला करता येतं. फक्त भिंतीच्या दुरुस्तीचा क्लेम घरमालकाबरोबर मिळून करा.

महापालिकेतून कागद कसे मिळवायचे?

माहिती अधिकार कायदा, २००५. पाडकामाची परवानगी किंवा नोटीस, स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची इंजिनिअरने केलेली तपासणी), राडारोड्याचा प्लॅन, पाहणी अहवाल यांच्या प्रती मागा. मुदत ३० दिवसांची, पण जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची तरतूद आहे, बिल्डिंग कलली असेल तर अर्जाच्या सुरुवातीलाच ते लिहा.

उंदीर, घुशी, साप आमच्याकडे येताहेत.

हमखास येतात. पाडायच्या आधी तिथे पेस्ट कंट्रोल करायला सांगा, आपल्या ड्रेनेजच्या जाळ्या आणि पाइपाभोवतीची भोकं बंद करा. साप दिसला तर सर्पमित्र किंवा वन विभाग, मारू नका.

आमच्या कंपाउंडमधून मशीन नेऊ द्या, परांची लावू द्या म्हणतात.

तो त्यांचा हक्क नाही, तुमच्या संमतीचा विषय आहे. पण कधी कधी आपल्या बाजूने काम केलं तर आपलीच भिंत वाचते, म्हणून हट्टाने नाही म्हणू नका. लेखी करार करा: किती दिवस, कोणती जागा, फरशी-झाडं-पाइप मोडले तर काय, आणि डिपॉझिट.

पाडतच नाहीत, वर्षानुवर्षं तशीच उभी आहे, मग?

मग वरच्या सगळ्याच्या आधीची पायरी. वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार करून स्ट्रक्चरल ऑडिट मागा. ३० वर्षांवरच्या इमारतींना ते कायद्यानेच बंधनकारक आहे. ऑडिटनंतर इमारत सी-१ मध्ये गेली तर तातडीने रिकामी करून पाडायची, सी-२अ आणि सी-२ब म्हणजे कमी-जास्त दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. मालकाने ऐकलं नाही तर महापालिका स्वतः पाडून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. मालाडच्या मालवणीत ९ जून २०२१ च्या रात्री एक इमारत बाजूच्या लहान घरावर कोसळली आणि लहान मुलांसकट माणसं गेली. शेजाऱ्याने तक्रार करणं म्हणजे दुसऱ्याच्या भानगडीत पडणं नाही.

पाडून झालं, आता पायाचं खोदकाम सुरू आहे, अजून काळजी करायची का?

हो, कित्येक वेळा खरं नुकसान याच टप्प्यात होतं. आपल्या पायापेक्षा खोल खड्डा, बाजूला शोअरिंग, म्हणजे खड्ड्याची माती ढासळू नये म्हणून दिलेला आधार, नाही, आणि त्यात पावसाचं पाणी साचलं की आपल्या पायाखालची माती खड्ड्याकडे सरकायला लागते. कंपाउंड वॉल खड्ड्याकडे झुकणं आणि भिंतीच्या कडेला जमिनीवर लांब भेग पडणं ही पहिली खूण. शोअरिंगचं डिझाइन कोणी केलंय, पाणी उपसायला पंप आहे का, हे लेखी विचारा, आणि पेन्सिलच्या त्या रेघा पावसाळा संपेपर्यंत पुसू नका.